अधूनमधून अडकणारा असेंबल्ड पीसी: आधी वेळ लिहून ठेवा, मग कॅबिनेट उघडा

तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसऱ्या कोणी वाचलं तरी संदर्भ लागेल. २०२१ मध्ये तुम्ही अकोल्यात घरीच पीसी जोडलात. रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा कमी किमतीतला मदरबोर्ड, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि जुन्या पीसीतून काढून लावलेली १ टीबीची हार्ड डिस्क. पुढे विंडोज ११ टाकलं. गेल्या हिवाळ्यात प्रोसेसरबरोबर आलेला कूलर काढून मोठा टॉवर कूलर बसवलात. आता पीसी मध्येच स्लो होतो. कधी एक-दोन सेकंद सगळंच गोठतं, माऊसही हलत नाही आणि चालू गाणं घरघरतं. कधी ब्राउझरमध्ये फाइल जोडायला गेलं की आठ-दहा सेकंद विंडो पांढरी पडते, माऊस मात्र हलतो. आणि एप्रिलपासून दुपारी व्हिडिओ एडिटिंगला तासभर बसलं की सगळंच जड होतं. दोनदा फॉरमॅट मारून झालं, रॅम ८ची १६ जीबी केली, फरक शून्य. सीपीयूचं तापमान ७२ अंशांच्या वर जात नाही, तेव्हा उष्णतेचा प्रश्न नाही असं तुम्ही धरून चालला आहात. आता एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बदलू की एसएसडी, असं विचारता.

सध्या दोन्ही बदलू नका. तुमच्या वर्णनात मला एक नाही, तीन वेगवेगळे दोष दिसतात. ते एकाच वेळी एकाच मशीनमध्ये असल्यामुळे तुम्ही त्यांचं एकच कारण शोधताय आणि म्हणून काहीच हाती लागत नाही. कायमचा बिघाड असेल तर भाग बदलून बघणं चालतं, कारण फरक लगेच दिसतो. अधूनमधून येणाऱ्या बिघाडात तसं होत नाही. भाग बदलल्यावर पीसी दोन दिवस आपोआपच नीट चालतो, आपल्याला वाटतं काम झालं, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अशा वेळी सगळ्यात मोलाची माहिती म्हणजे पीसी किती वेळ अडकला आणि त्या वेळी माऊस हलत होता का. ही माहिती तुम्ही आधीच दिली आहे, फक्त तिच्याकडे तुमचं लक्ष नाही.

तर पहिलं काम, पीसीजवळ वही ठेवा. अडकला की घड्याळातली वेळ सेकंदांसह लिहा, किती वेळ अडकला ते लिहा, आणि त्याआधी तुम्ही काय केलंत ते एका ओळीत. चार-पाच दिवस एवढंच करा. नंतर इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची घडामोडींची नोंदवही) उघडून विंडोज लॉग्जमधला सिस्टीम हा भाग काढा आणि वहीतल्या वेळांशी ताडून बघा. तिथे लाल-पिवळ्या खुणा शेकड्यांनी असतात, त्यांना घाबरू नका. कुठल्याही धडधाकट विंडोजमध्ये त्या असतातच. तुमच्या वेळेशी जुळणारी नोंद तेवढी महत्त्वाची.

त्याच्या जोडीला एचडब्ल्यूइन्फो६४ हा मोफत प्रोग्राम टाका आणि सेन्सरचा लॉग सुरू ठेवा. तो मुळात दर २ सेकंदांनी वाचन घेतो, ते ५०० मिलिसेकंदांवर आणा. लॉगची फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा, सी ड्राइव्हवर नको. दोन्ही ड्राइव्हचे सेन्सर त्यात बंद करून टाका. एक तर अडकलेल्या डिस्कची वाट बघत लॉगच थांबू शकतो, आणि दुसरं म्हणजे सतत चौकशी झाल्याने हार्ड डिस्क झोपत नाही, मग जे लक्षण पकडायचं तेच नाहीसं होतं. या लॉगचा मोठा उपयोग आकड्यांपेक्षा ओळींचा आहे. पीसी गोठला त्या वेळच्या ओळीच लॉगमध्ये नसतील, तर सगळी मशीनच त्या क्षणी थांबली होती. म्हणजे संशय बायोस (पीसी सुरू करणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्राम), फर्मवेअर (चिपमध्येच भरलेला प्रोग्राम) किंवा खालच्या पातळीवरच्या ड्रायव्हरवर. ओळी व्यवस्थित चालू असतील आणि तरीही विंडो पांढरी पडली असेल, तर प्रोसेसर जागाच होता, तो कुणाची तरी वाट बघत होता. ते कोणीतरी बहुतेक वेळा डिस्क असते.

आता एक-दोन सेकंदांचं गोठणं घेऊ. आवाज घरघरतो, माऊस जागच्या जागी थांबतो, आणि मग काहीच झालं नाही अशा थाटात सगळं पुढे सुरू होतं. रायझन प्रोसेसर आणि विंडोज ११ या जोडीत हे लक्षण ओळखीचं आहे. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) लागतं आणि घरच्या पीसीत ते वेगळ्या चिपऐवजी प्रोसेसरच्या फर्मवेअरमधून मिळतं, त्याला एफटीपीएम म्हणतात. हे एफटीपीएम आपला डेटा मदरबोर्डवरच्या बायोसच्या एसपीआय फ्लॅश चिपमध्ये ठेवतं. काही रायझन मशीनमध्ये ही देवाणघेवाण मधूनच लांबते आणि ती संपेपर्यंत सगळी मशीन थांबून राहते. एएमडीने मार्च २०२२ मध्ये हे जाहीरपणे मान्य केलं आणि दुरुस्ती असलेले बायोस मे २०२२ पासून येतील असं सांगितलं. ही दुरुस्ती अजीसा (बायोसमधला एएमडीचा मूळ भाग) १.२.०.७ या आवृत्तीपासून आहे. तुमचा बोर्ड २०२१चा आहे आणि बायोस अपडेट केल्याचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठेच नाही. रन बॉक्समध्ये एमएसइन्फो३२ टाका, बायोसची तारीख समोर येईल. ती मे २०२२ च्या आधीची निघाली, तर या दोषापुरतं निदान जवळपास झालंच म्हणून समजा. दोनदा फॉरमॅट मारून फरक का पडला नाही तेही यातून कळतं. फॉरमॅटने विंडोज नवं होतं, बायोस आहे तसाच राहतो.

बायोस अपडेट करताना तीन गोष्टी काटेकोर पाळा. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर आधी ते थांबवा आणि रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, कारण अपडेटमध्ये एफटीपीएम रिकामं झालं तर की मागितली जाते आणि ती नसेल तर डेटा गेला. पिनने लॉगिन करत असाल तर मूळ पासवर्ड आठवतोय याची खात्री करा, पिन पुन्हा तयार करावा लागू शकतो. आणि अपडेटच्या मधोमध वीज जाता कामा नये. तुमच्याकडे उन्हाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा यूपीएसवर करा. यूपीएस नसेल तर शेजाऱ्यांचा मागून आणा, पण त्याशिवाय हात लावू नका.

बायोस नवा असूनही घरघर राहिली तर लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्राम अर्धा तास चालवा. कुठला ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतोय ते तो नावानिशी दाखवतो. बहुधा वायफायचा किंवा साउंडचा ड्रायव्हर निघतो आणि बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवरचा ताजा ड्रायव्हर टाकून काम भागतं.

आठ-दहा सेकंदांची पांढरी विंडो हा वेगळा विषय आहे. तेव्हा माऊस हलतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे प्रोसेसर मोकळा आहे. फाइल जोडण्याची किंवा सेव्ह करण्याची विंडो उघडली की विंडोज सगळ्या ड्राइव्हची हजेरी घेतं. तुमची हार्ड डिस्क तोवर झोपलेली असते. पॉवर ऑप्शन्समध्ये हार्ड डिस्क २० मिनिटांनी बंद करण्याची वेळ मुळातच लावलेली असते. डिस्कच्या तबकड्या पुन्हा पूर्ण वेगात यायला काही सेकंद लागतात आणि तेवढा वेळ ती विंडो ताटकळते. कॅबिनेटला कान लावा. विंडो पांढरी पडल्याबरोबर आतून हलकी टिक आणि मग चढत जाणारी घूं अशी आवाजाची चढण ऐकू आली, तर हेच कारण. ती वेळ शून्य केली की डिस्क झोपणार नाही आणि ही तक्रार त्याच दिवशी बंद होईल.

पण इथे थांबू नका, कारण जुन्या डिस्कबद्दल मला खरी काळजी वेगळी आहे. वहीत अर्ध्या मिनिटाची किंवा त्याहून मोठी अडकणूक सापडली, तर ते झोपेचं काम नाही. डिस्कवरचा एखादा सेक्टर (माहिती साठवणारा छोटा तुकडा) वाचता येत नसेल तर घरगुती वापराची डिस्क हार मानत नाही, तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचत बसते, आणि तोवर तिच्याकडे आलेलं प्रत्येक काम रांगेत उभं राहतं. टास्क मॅनेजरमध्ये तेव्हा विचित्र चित्र दिसतं. डिस्क १०० टक्के व्यग्र, आणि वाचन-लेखन मात्र जवळजवळ शून्य. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्या वेळेला १२९ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी असतात. १२९ म्हणजे डिस्क उत्तर देईना म्हणून विंडोजने तिला रीसेट केलं, १५३ म्हणजे तेच वाचन पुन्हा करावं लागलं. ७ क्रमांकाची नोंद असेल तर खराब ब्लॉक सापडलाच आहे.

क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम) उघडा आणि चार ओळी बघा: ०५ (बदलून टाकलेले खराब सेक्टर), सी५, सी६ (दुरुस्त न होणारे सेक्टर) आणि सी७. वरचा निळा ‘गुड’ शब्द वाचून समाधान मानू नका, डिस्क बरीच बिघडेपर्यंत तो तसाच राहू शकतो. उजवीकडचे मूळ आकडे बघायचे. ते षोडशमान (हेक्साडेसिमल) पद्धतीत असतात, सेटिंगमध्ये जाऊन नेहमीच्या दशमान पद्धतीत आणून घ्या, नाहीतर वाचताना घोळ होतो. सी५ म्हणजे वाचता न येणारे, निर्णय न झालेले सेक्टर. हा आकडा शून्य नसेल तर बाकीची सगळी तपासणी तिथेच थांबवा आणि डेटा दुसरीकडे कॉपी करा. घरचे फोटो आणि कागदपत्रं सगळ्यात आधी, सिनेमे शेवटी. मला कळवळून सांगावंसं वाटतं ते इथे: अशा डिस्कवर लगेच चेकडिस्कची (विंडोजमधल्या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रामची) पूर्ण तपासणी चालवू नका. ती एकेक सेक्टर घासून काढते, आणि शेवटच्या घटका मोजणारी डिस्क त्यातच दगावते. लोक दुरुस्ती म्हणून ती चालवतात आणि लेकरांचे फोटो घालवून बसतात. आधी कॉपी, मग हवी तेवढी तपासणी.

सी७ हा प्रकार मात्र दिलासा देणारा आहे. डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या दळणवळणातल्या चुका तिथे मोजल्या जातात आणि दोष बहुतांशी साटा केबलचा (डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या केबलचा) असतो. जुन्या पीसीतून डिस्क आणताना केबलही तीच आणली असेल, तर क्लिप नसलेली, सैल झालेली केबल असण्याची शक्यता आहे. नवी केबल शंभर-दीडशे रुपयांच्या आसपास मिळते. हा आकडा कधीच कमी होत नाही, त्यामुळे केबल बदलल्यावर तो शून्य झाला का हे बघायचं नाही. आजचा आकडा लिहून ठेवायचा आणि आठवड्याने तो वाढला का तेवढं बघायचं.

एसएसडीबद्दल थोडंच सांगतो, कारण तुमची लक्षणं तिच्याकडे बोट दाखवत नाहीत. स्वस्त एसएसडी आपल्या जागेचा काही भाग वेगवान कॅश म्हणून वापरते. मोठी व्हिडिओ फाइल कॉपी करताना तो भरला की वेग हार्ड डिस्कच्या पातळीला किंवा त्याच्याही खाली येतो, आणि ड्राइव्ह गच्च भरलेली असेल तर कॅश उरतेच थोडी. सी ड्राइव्हची १५-२० टक्के जागा मोकळी ठेवा, एवढं पुरे.

आता दुपारचा जडपणा. तुमच्या पत्रातली ही सगळ्यात महत्त्वाची तक्रार आहे आणि तिचं उत्तर तुम्ही स्वतःच बसवलेल्या कूलरपाशी आहे. प्रोसेसर ७२ अंशांवर आहे, ही गोष्ट मला पटते. ५६००एक्सची कमाल मर्यादा ९५ अंश आहे, म्हणजे प्रोसेसर अगदी सुखात आहे. पण मदरबोर्डवर प्रोसेसरइतकाच तापणारा आणखी एक भाग असतो, तो म्हणजे व्हीआरएम. एसएमपीएसकडून येणारे १२ व्होल्ट प्रोसेसरला लागणाऱ्या साधारण सव्वा व्होल्टपर्यंत उतरवणारी ही साखळी. सॉकेटच्या डाव्या बाजूला आणि वर, काळ्या चौकोनी चोक कॉइल्सची जी रांग दिसते, तिच्या शेजारच्या चपट्या चिपा म्हणजे त्यातले मॉसफेट (विजेचे झटपट चालू-बंद होणारे स्विच). महाग बोर्डात त्यांच्यावर ॲल्युमिनियमचा हीटसिंक असतो. कमी किमतीच्या बी४५० बोर्डांपैकी अनेकांत तो नसतो, चिपा उघड्याच असतात.

तुमचा मूळ कूलर हवा वरून खाली, थेट बोर्डावर फेकत होता. ती हवा हीटसिंकच्या पात्यांतून निघून चारी बाजूंना पसरायची आणि जाता जाता या उघड्या चिपांनाही थंड करायची. टॉवर कूलर हवा बोर्डाला समांतर, पुढून मागे ढकलतो. प्रोसेसर गार झाला, पण व्हीआरएमची हवा गेली. हिवाळ्यात ते खपून गेलं. अकोल्याचा उन्हाळा सुरू झाला आणि खोलीचं तापमान २६ वरून ४० वर गेलं, की बोर्डावरच्या प्रत्येक भागाचं तापमान साधारण तेवढ्याच अंशांनी वर सरकतं. व्हिडिओ एडिटिंगमध्ये सगळे कोअर तासभर सलग राबतात, व्हीआरएम आपल्या मर्यादेला टेकतं आणि मदरबोर्ड प्रोसेसरला हात आखडता घ्यायला सांगतो. या इशाऱ्याचं नाव प्रॉकहॉट. तो आला की प्रोसेसर ४ गिगाहर्ट्झच्या वरून थेट अर्ध्या गिगाहर्ट्झच्या आसपास कोसळू शकतो. म्हणून माऊस जड, टायपिंग मागे, आणि तापमान मात्र उलट खाली आलेलं. तापमान बघून निर्धास्त झालेला माणूस इथेच फसतो.

याची खात्री एचडब्ल्यूइन्फोमध्येच होते. रायझनच्या सेन्सरमध्ये थर्मल थ्रॉटलिंगच्या (उष्णतेमुळे वेग कमी करण्याच्या) तीन ओळी असतात: एचटीसी, प्रॉकहॉट सीपीयू आणि प्रॉकहॉट ईएक्सटी. पहिल्या दोन प्रोसेसरच्या स्वतःच्या उष्णतेच्या. तिसरी बाहेरून, म्हणजे बोर्डाकडून आलेल्या इशाऱ्याची. दुपारी मशीन जड झाल्यावर या तिसऱ्या ओळीत ‘येस’ दिसलं आणि त्याच वेळी कोअर क्लॉकचे आकडे आपटलेले असले, तर शंकेला जागा नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ३७ क्रमांकाची, प्रोसेसरचा वेग फर्मवेअरने मर्यादित केल्याची नोंदही सापडू शकते. ती नसली तरी व्हीआरएम निर्दोष ठरत नाही, प्रत्येक बोर्ड ती नोंद करत नाही.

आणखी सोपी कसोटी घरच्या घरी होते. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा, टेबल फॅन फूटभर अंतरावर ठेवून सॉकेटच्या दिशेने सोडा आणि त्याच दुपारी तेच एडिटिंग करा. जडपणा आला नाही तर दोष सापडला. पंख्याने धूळ आत जाते, म्हणून हा उपाय कसोटीपुरताच. आणि व्हीआरएम किती तापलंय हे बोट लावून बघू नका, उघडा मॉसफेट शंभर अंशांच्या वर असू शकतो.

कायमचा उपाय म्हणून माझी पसंती हवेला आहे. कॅबिनेटच्या मागे, सॉकेटच्या उंचीवर १२० मिलिमीटरचा पंखा हवा बाहेर फेकणारा हवाच. वरच्या झाकणाला जाळी असेल तर मागच्या कोपऱ्यात आणखी एक. चिपांवर चिकटवायचे छोटे ॲल्युमिनियम हीटसिंक मिळतात, तेही चालतील, पण साधी दुतर्फी टेप वापरू नका. थर्मल टेपच हवी, नाहीतर उन्हाळ्यात टेप सुटून हीटसिंक ग्राफिक्स कार्डावर पडेल आणि शॉर्ट होईल. तोवर बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरची पीपीटी मर्यादा (तो जास्तीत जास्त किती वीज घेईल ती) ७६ वॅटवरून ६० वर आणा. एडिटिंगचा वेग किंचित कमी होईल, पण व्हीआरएमवरचा भार लक्षणीय उतरेल, आणि अर्ध्या गिगाहर्ट्झवर आपटण्यापेक्षा ते कितीतरी बरं. मूळ कूलर जपून ठेवला असेल तर एप्रिल ते जून पुन्हा तोच बसवायलाही माझी हरकत नाही. प्रोसेसर ८५ अंशांवर गेला तरी चालेल, तो त्यासाठीच बनलाय. फक्त टॉवर कूलर काढण्याआधी पीसी दहा मिनिटं काम करू द्या म्हणजे पेस्ट मऊ होईल. मग बंद करून, प्लग काढून, कूलर आधी डावी-उजवीकडे हलकेच पिळा आणि नंतरच उचला. सरळ ओढलात तर एएम४ सॉकेटमधून प्रोसेसर कूलरला चिकटूनच वर येतो आणि पिना वाकतात.

एसएमपीएस का नको ते सांगायचं राहिलं. कमजोर एसएमपीएसमुळे पीसी स्लो होत नाही, तो बंद पडतो किंवा आपोआप रीस्टार्ट होतो. तुमच्याकडे तसं एकदाही झालेलं नाही. खराब रॅमचंही तेच, ती निळा स्क्रीन दाखवते, प्रोग्राम कोसळवते, फाइली बिघडवते. रॅम कमी पडली तर मात्र मशीन खरोखर मंदावते, पण १६ जीबीत तो प्रश्न संपला. दुसरी पट्टी प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेच्या जोडीत बसली आहे ना, एवढं झाकण उघडाल तेव्हा बघून घ्या. आणि पीसी ‘फास्ट’ करून देणारे क्लीनर, बूस्टर असं काही टाकलं असेल तर काढून टाका. विंडोजचा अँटिव्हायरस चालू असताना दुसरा टाकला असेल तर तोही काढा, एका वेळी एकच पुरे.

कामाचा क्रम माझ्या मते असा ठेवा. आज रात्री डिस्कचे चार आकडे बघा आणि डेटाची कॉपी घ्या, बाकी सगळं थांबू शकतं, हे नाही. या आठवड्यात वही आणि लॉग. रविवारी, यूपीएस हाताशी असताना, बायोस. एका वेळी एकच बदल करा आणि मध्ये तीन-चार दिवस जाऊ द्या, नाहीतर कशाने काय सुधारलं हे पुन्हा कळणार नाही. दुपारच्या कसोटीनंतरही जडपणा राहिला आणि प्रॉकहॉट ईएक्सटी सतत ‘नो’ दाखवत असेल, तर माझं व्हीआरएमबद्दलचं निदान बाद समजा. मग त्या दुपारचा लॉग, वहीतल्या वेळा आणि क्रिस्टलडिस्कइन्फोचा स्क्रीनशॉट पाठवा, तिथून पुढे बघू.